अठ्ठावीस केबीचे काका

वारले त्या सकाळी काकांचं वजन बहात्तर किलो होतं. तेराव्यापर्यंत ते अठ्ठावीस केबी उरले, आणि ते काम माझं.

काका म्हणजे माझे सख्खे चुलते, राहणार नारायण पेठ. त्यांना मूलबाळ नाही, म्हणून मोबाईल, बिलं, फोटो असली सगळी कामं माझ्याकडे. (ज्याला पासवर्ड आठवतो तो घरातला इंजिनिअर!) फॅमिली ग्रुपचे ॲडमिन मात्र काका. त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, "फोटो पन्नास केबीच्या आत टाकावेत. आमचा फोन म्हणजे धर्मशाळा नव्हे."

मागच्या वर्षी खडकवासल्याला कणीसवाला काकांना म्हणाला, "तरुण आहात, दोन घ्या." आणि काका चक्क हसले! चाळीस वर्षांच्या संसारात काकूनेही ते पाहिलं नव्हतं. नेमका तेव्हाच मी फोटो काढला. घरी आल्यावर सगळे फोटो कॉम्प्युटरवर घेतले, मोबाईलमधले उडवले आणि ग्रुपसाठी एका झटक्यात लहान करायला लावले. कॉम्प्युटरने विचारलं, मूळ फोटो बदलून टाकू का? मी म्हटलं, हो! (मला कुणी काही विचारलं की मी हो म्हणते. लग्नही असंच झालं.)

दोन महिन्यांनी काका पेपर वाचता वाचता गेले. काकू रडली नाही. एवढंच म्हणाली, "तो हसरा फोटो मोठा करून आण. मला रोज बघायचाय."

बुधवार पेठेतल्या फोटोवाल्याने फोटो स्क्रीनवर मोठा केला. काकांच्या जागी चौकोन चौकोन दिसायला लागले.

"बाई, हा माणूस आहे की फरशी?"

"काका आहेत."

"आहेत की होते?"

"होते."

"मग त्यांना घाई नाही. मूळ फोटो आणा."

"मूळ हाच. मी बदलला."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू काकांना हार्ट अटॅक मीच दिला होता! मी सतरा नातेवाइकांना फोन केले. सगळ्यांकडे मी पाठवलेलेच काका, अठ्ठावीस केबीचे.

शेवटी फोटोवाल्याने कॉम्प्युटरकडून चेहरा सुधारून दिला. काकांना दाट केस आले, बत्तीस दात आले, गालाला खळी पडली. मी धीर करून काकूसमोर फ्रेम धरली.

"हे कोण?"

"काका."

"मी परक्या पुरुषाला हार घालू? उचल!"

"मग आधार कार्डावरचा घेऊ?"

"त्यात ते पोलिसांना हवे असल्यासारखे दिसतात." मग तिने फ्रेम पालथी केली. "जन्मात एकदा हसले गं. तेही पुसलंस?"

ती तेव्हा पहिल्यांदा रडली. मीही रडले. स्वतःला चपलेने मारावंसं वाटत होतं.

मग फोटो जेवढा स्वच्छ दिसत होता तेवढाच छापला. पासपोर्टच्या आकाराचा, भल्यामोठ्या फ्रेमच्या मधोमध. तेराव्याला येणारा प्रत्येक जण चौरंगापाशी ओणवा होऊन, चष्मा वर-खाली करून काकांना शोधत होता. एक आत्या तर नमस्कार करून मला हळूच म्हणाली, "फ्रेम छान आहे. फोटो कधी लावणार?"

आठवड्याने काकूचा फोन आला. "चल, त्या फोटोवाल्याकडे जायचंय." ती इस्त्रीची साडी नेसून स्टुलावर ताठ बसली, कॅमेऱ्याकडे बघून छान हसली आणि म्हणाली, "माझ्या तेराव्याला लागेल, भिंतीवर लावायच्या मापाचा करा. मूळ फोटो पेनड्राइव्हवर माझ्या हातात द्या."

"ताईंच्या मोबाईलवर पाठवू का?" फोटोवाल्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"छे!" काकू पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून चेन लावत म्हणाली. "पुतणी आहे माझी, मनाने चांगली आहे. पण एक माणूस हिने संपवलाय."

मला तिने फक्त छत्री धरायला दिली.