भोंगा दोनदा वाजला

माझ्या आईचं एक ठरलेलं वाक्य आहे. "बस की गं एका जागी, बुडाखाली इंगळ हायत का?" आहेत. लहानपणापासून आहेत. जेवताना उठते, बोलता बोलता दारात जाऊन येते, कॉम्प्युटरचं पोट उघडून बसले तरी मध्येच बाहेर येऊन रस्ता बघते. कुणी येणार असतं असं नाही.

माझं दुकान ढोकीच्या अलीकडच्या एका गावात, आमच्या घराच्याच पुढच्या खोलीत आहे. कॉम्प्युटर दुरुस्ती, झेरॉक्स, मोबाईलचे चार्जर. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या पोरीनं हातात स्क्रूड्रायव्हर घेतला म्हणून भावकीनं आधी तोंडं वाकडी केली. आता त्यांचेच लॅपटॉप माझ्याकडं येतात, ते असो. सांगायचं ते दुसरंच आहे.

मी टिटवी आहे.

कुणाला हसायचं असेल तर हसून घ्या, मला सवय आहे. लहानपणी बापाच्या मागं मेंढरांबरोबर माळानं हिंडायचे. टिटवी झाडावर बसत नाही. उघड्या माळावर चार पावलं पळते, थांबते, मान झटकते, परत पळते. अंडीसुद्धा उघड्यावर, खड्यांत खड्यासारखी. कळप जवळ आला की डोक्यावर येऊन असं ओरडायची की कान किटायचे. बाप शिवी न देता अख्खा कळप वळवायचा. मला ती अंडी बघायची असायची, मी पुढं पळायचे, तर बाप दंड धरून ओढायचा आणि म्हणायचा, "लांबूनच बघ. तिला वाटू दे, आपल्याला कायबी दिसलं न्हाय."

तेव्हापासून ती माझ्यात आहे. आमच्याकडं एखादीच्या अंगात देवी आली तर लोक तिच्या पाया पडतात, ओटी भरतात. तीच बाई म्हणाली की मला आतून पक्ष्यासारखं वाटतं, तर सोलापूरला डॉक्टरकडं नेतील. म्हणून मी कुणापाशी बोलले नाही. मला पंख फुटलेत असं वाटत नाही, आरशात माणूसच दिसतं. पण भीती वाटली की मी माणसासारखी रडत नाही. पळत सुटते आणि लांब जाऊन ओरडते.

मग इंटरनेटवर एक खोली सापडली. जुन्या कॉम्प्युटरांचा नाद असलेली, आणि स्वतःला कुठलं ना कुठलं जनावर मानणारी माणसं तिथं जमायची. एक वटवाघूळ प्रोग्रॅम लिहायचं. एक कासव भंगारातल्या मशीन जिवंत करायचं. लांडगे तर पैशाला पासरी. त्यांच्यातल्या एकानंही खरा लांडगा बघितला नव्हता. आमच्या मेंढरांनी चांगला बघितला होता, पण मी गप्प बसले. सगळा कारभार इंग्रजीत चालायचा. एकदा माझी हार्ड डिस्क उडाली, तेव्हा वैतागून मराठीतच लिहून गेले, "आता गं माय, मेले मी." तर खालून उत्तर आलं, "मरू नको. बॅकअप घेतला न्हाईस ना? मग आता बस बोंबलत."

ती खोकड होती. खोकड म्हणजे कोल्ह्याहून लहान, काळ्या शेंड्याच्या शेपटीचं आपल्या माळावरचं जनावर. बिळाला एक तोंड करून त्याचं भागत नाही. इकडनं कुणी आलं तर तिकडनं निघता आलं पाहिजे.

ही खोकड सासरी नांदणारी बाई होती. दीर नोकरीला लागल्यावर घरात पडून राहिलेला त्याचा जुना कॉम्प्युटर तिनं मला विचारत विचारत पळता केला होता. लिहिता लिहिता आम्ही बोलायला लागलो; दुपारी सासू आडवी झाली की ती हेडफोन घालून बसायची. पडद्यावर चौकोनामागून चौकोन भरून जनावरांची चित्रं काढायची, ठिपक्यांची रांगोळी घालावी तशी. मी शीळ घालून टिटवीसारखी हाक द्यायचे, मग ती म्हणायची, "आलीस का टिटवे, कुणाच्या मयताची बातमी आणलीस?" मी तिला खोकडबाई म्हणायचे. तिच्या शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फट् फट् वाजत असायचा, आणि ती गिरणीला शिव्या घालत घालत मला सांगायची की आज भाकरी थापताना तिला कान मागं गेल्यासारखं वाटलं. हे मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असतं तर हसले असते. तिच्याकडून ऐकलं की माझी मान आपोआप झटकायची. कितीतरी वर्षं असं चाललं. माझ्या आयुष्यात तिच्याएवढं जवळचं कुणी नव्हतं, आजही नाही.

नियम एकच होता आणि तो तिचा होता. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. आमच्याकडं पाव्हण्याला पाण्याचा तांब्या हातात देता देताच विचारतात, गाव कुठलं? मग, कुणाची? मग डोळ्यांत हिशेब सुरू होतो, ही कुणातली, हिच्याशी कितपत बोलावं. बोलीवरनं एकमेकींचा मराठवाडा कळत होता, पण मराठवाडा काय टीचभर आहे? मी तिला मनातल्या मनात नांदेडकडं ठेवली होती. ती म्हणायची, "लांब असलेलं बरं असतं टिटवे. जवळच्याला नाव लागतं, गाव लागतं, सगळं लागतं."

ढोकीचा कारखाना मधली कैक वर्षं बंद होता. मग तो चालू झाला, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते भरले आणि पाळी बदलायचा भोंगा परत वाजायला लागला. आमच्या गावातली म्हातारी माणसं भोंगा ऐकून हसायची, घरातलं हरवलेलं माणूस परत आल्यासारखी.

एरवी ती चारच्या आत उठून जायची, पण एक दिवस चारच्या सुमाराला आम्ही बोलतच होतो. ती सांगत होती की सासूनं विचारलं, "एकटीच कुणासंगं हसायलीस?" तेवढ्यात तिच्या बाजूनं, माझ्या हेडफोनमध्ये, भोंगा वाजला. म्हटलं कारखाने काय, कुठंही असतात. आणि भांडंभर पाणी पिऊन होईल एवढ्या वेळानं तोच भोंगा माझ्या खिडकीतनं आला. तोच, शेवटी चिरकणारा; हवेतनं चालत यायला लागला तेवढाच काय तो उशीर.

मी उठून उभी राहिले. हेडफोनची वायर ताणली जाऊन माऊस खाली पडला. नांदेड कुठलं नि काय कुठलं, ही बाई माझ्या स्कूटीच्या टप्प्यात होती. तिला सांगावं की न सांगावं, माझं ठरेना. तीच म्हणाली, "टिटवे, जाते. दूध उतू चाललंय."

त्यानंतर ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला तो विझलाच. वटवाघळाला विचारलं, कासवाला विचारलं, कुणाला काही माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच घुमत होतं, सासूनं ऐकलं असणार. कॉम्प्युटर काढून घेतला असणार. मारलं असलं तर? कोंडून घातलं असलं तर? गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि मी झेरॉक्सच्या काचेवर कागद उलटा ठेवायचे. बरं, विचारायचं कुणाला? नाव ठाऊक नाही, आडनाव ठाऊक नाही. ढोकीत जाऊन काय विचारू, हितं कुठं खोकड राहते का म्हणून? इतकी वर्षं मला त्या नियमाचा अभिमान होता. आता त्याच नियमाचा असा संताप आला की दाराला लाथ घातली. दाराला काही झालं नाही, अंगठा सुजला.

आई म्हणाली, "कुणाचं काय झालंय का?"

"मैत्रिणीचं."

"कुठली मैत्रीण?"

मी उठून दारात गेले.

शेवटी टिटवीनं करावं तेच केलं. दुकानाच्या जाहिरातीसाठी माझ्याकडं एक स्पीकर होता, भाजीवाले टेम्पोला लावतात तसला. 'जुने कॉम्प्युटर, हेडफोन, माइक घरपोच दुरुस्त करून मिळतील' हे माझ्याच आवाजात भरलेलं होतं. त्यात दर दोन वाक्यांमध्ये टिटवीची हाक घातली. शीळ नाही, आमच्या माळावर टेप केलेली खरी हाक. स्पीकर स्कूटीला बांधला, हत्यारांची पिशवी पुढं ठेवली, आणि उन्हं जरा कलल्यावर ढोकीत गेले. जिथं जिथं गिरणीचा पट्टा वाजताना ऐकला त्या त्या गल्लीत शिरले. माझा आवाज म्हणायचा, दुरुस्त करून मिळतील, आणि मागोमाग टिटवी गल्लीभर किंचाळायची. कुत्री भुंकायला लागली. बायका दारात आल्या.

पारावरचा एक म्हातारा काठी आपटून म्हणाला, "ए बाय, काय अभद्र लावलंयस दिवसाढवळ्या? बंद कर ते."

"मशीन बिघडलीय आजोबा. तीच दुरुस्त करायलेय."

"मग आधी करायची, मग फिरायचं."

"तुमचं काय बिघडलंय का? असलं तर सांगा, तेबी करते."

म्हातारा हसला म्हणून वाचले. पण दोन गल्ल्या झाल्या, तीन झाल्या, कुणी ओळखीचं बाहेर येईना. आणि ओळखणार तरी कशी होते? मी तिचं तोंड कधी बघितलं होतं? घशाला कोरड पडली होती. एकदा वाटलं, परत फिरावं. टिटवीदेखील समुद्र आटवी म्हणतात, पण तिला निदान समुद्र दिसत तरी होता.

पुढच्या गिरणीला लागून एक पत्र्याचं घर होतं. ओट्यावर एक म्हातारी तूर निवडत बसली होती. मी स्कूटी हळू केली आणि टिटवी ओरडली. आत काहीतरी भांडं पडलं.

एक बाई दारात आली. माझ्याच वयाची, कोपरापर्यंत पीठ लागलेली. माझ्याकडं बघितलं, स्पीकरकडं बघितलं, आणि तिचं तोंड पांढरं पडलं. मला तेव्हाच कळलं, हीच खोकड. ती धडधाकट होती. कुणी कोंडली नव्हती, कुणी मारली नव्हती.

ओट्यावरच्या त्या सासूबाई म्हणाल्या, "ह्या बया, टिटवी गावात कशी आली म्हणते मी?"

बाई म्हणाली, "वाट चुकली असंल. जाईल माघारी माळावर." तोच आवाज. इतकी वर्षं कानात होता, आता दोन हातांवर होता.

"दुरुस्तीवाली हाय व्हय तू?" सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "कुणाची गं? गाव कुठलं?"

माझं तोंड उघडलं होतं. मी सांगणार होते. गाव, आडनाव, बापाचं नाव, सगळं. पण ती मध्ये पडली. "आत्याबाई, काम करून घ्या आन् जाऊ द्या की. गावाचं काय लोणचं घालायचंय?" आणि पाठ फिरवून आत गेली. बाहेर आली ती हेडफोन घेऊन, वायर हाताला गुंडाळलेली.

"ह्याचा माइक बघा जरा," ती मला म्हणाली. अहोजाहो. कधी नाही ते. "लई लांबचं धरतो. कारखान्याचा भोंगासुदा धरतो. मला तसला नकोय. आपण बोललेलं तेवढंच जावं, बाकीचं जाऊ नये."

मी तिच्याकडं बघितलं. म्हणजे तिनंही ऐकला होता. तिच्या घराकडचा भोंगा आधी, आणि मग माझ्या खिडकीतला. दूध उतू गेलंच नव्हतं. ती घाबरली होती, आणि सासूला नाही, मला. मी जवळची निघाले म्हणून घाबरली होती. मला राग आला, खरं सांगते. एवढी वर्षं बोललो, मी काय तुला खाणार होते? तोंडावर आलेलं मी गिळलं, कारण सासूबाई शेजारीच होत्या. पण तिनं हेडफोन चुलीत घातला नव्हता. दुरुस्त करून मागत होती.

"आहे तसला," मी म्हणाले. "पण तोंडाजवळ धरावा लागतो."

"धरीन की."

मी ओट्याच्या कडेला बसले. पिशवीतला माझाच हेडफोन काढला, जवळचंच ऐकणारा, आणि तिला दिला. तिचा मी ठेवून घेतला. सासूबाईंना सांगितलं की ह्याचा पार्ट मिळत नाही, त्यापेक्षा हा बदलून घ्या. तिनं तांब्यातून पाणी आणून दिलं. तांब्या घेताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली, पिठाची, कोरडी. तेवढंच. मी पाणी प्याले, स्पीकर बंद केला आणि निघाले. मागं वळून बघावंसं इतकं वाटलं की मान अवघडली. बघितलं नाही.

दोन दिवस ती आली नाही. मी घरात येरझाऱ्या घातल्या, आईनं इंगळांचं वाक्य कितीदा म्हटलं देव जाणे. तिसऱ्या दिवशी दुपारी हिरवा ठिपका लागला.

मी आधी उठून खिडकी लावली. मग दार लावलं. पंखा चालेना, लाइट गेली होती, मशीन इन्व्हर्टरवर होती. घामानं चिंब झाले. मग शीळ घातली.

"आलीस का टिटवे," ती म्हणाली. "कुणाच्या मयताची बातमी आणलीस?"

"कुणाच्याच नाही."

तिनं नवीन चित्र पाठवलं होतं, चौकोनांतली टिटवी, पाय जरा लांबच झालेले. त्यावर भांडलो. चार वाजत आले तसं माझं बोलणं तुटायला लागलं, तिचंही. चार वाजले. हेडफोनमध्ये काही नाही, फक्त तिचा श्वास. भांडंभर पाण्याएवढा वेळ गेला आणि बंद खिडकीच्या पलीकडं भोंगा वाजला, बारीक. मी माइक मुठीत झाकला. तो पुरता संपेपर्यंत झाकून धरला.

"कुठं गेलीस गं?" ती म्हणाली.

"आहे की हितंच."

"एवढ्या लांबून बोलायलीस," ती म्हणाली, "पण आवाज आज लई स्वच्छ यायलाय."

"व्हय," मी म्हणाले. "लई लांब आहे मी."