पलीकडच्या बेटाचा ढीग

"पाणी चढलंय," डोनल फोनवर म्हणाला. "आणि ब्रीजीची टर्फ त्यात बुडलीय."

कोण ब्रीजी, हे मला ठाऊकच नव्हतं. २०१७चा सप्टेंबर होता. डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनच्या ऑफिसात बसून मी पाणीपातळीचा ग्राफ बघत होते आणि चांगली खूश होते.

टर्फ म्हणजे दलदलीतली काळी माती. ती विटांसारखी कापायची, उन्हावाऱ्यात वाळवायची आणि चुलीत जाळायची. पण कापण्यासाठी चर खणले की पाणी निघून जातं आणि दलदल मरते. आयर्लंडमधल्या डोनेगलच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटाने ठरवलं, कापणी बंद करायची आणि चर बुजवायचे. शेजारचं छोटं बेटही त्यात सामील होतं. कुठला चर कधी बुजवायचा, हे सांगणं माझं काम. मी नागपूरची, हायड्रोलॉजिस्ट. दुष्काळ शिकून आले आणि पोटासाठी चिखल राखत होते.

बुजवण्याआधी मोठ्या बेटावर मीटिंग घेतली. समुद्र खवळलेला, त्यामुळे छोट्या बेटावरून कोणी येऊ शकलं नाही. शेवटच्या कापणीची टर्फ उचलली का, असं मी विचारलं. मोठ्या बेटाच्या कमिटीचा प्रमुख डोनल हो म्हणाला. ड्रोनच्या फोटोत मात्र धक्क्याजवळ एक ढीग दिसत होता. जमिनीच्या रेकॉर्डमध्ये ढिगाखालच्या पट्टीला मालक नव्हता. मी नकाशावर 'बेवारस' लिहिलं आणि पुढे गेले.

पट्टी छोट्या बेटाची होती. तिकडे दलदलच नाही. तिथली माणसं बोटीने येऊन इथे टर्फ कापायची आणि बदल्यात इथल्या मेंढ्या उन्हाळाभर तिकडे चरायच्या. कागद नाही, सही नाही. पलीकडच्यांच्या ढिगाला हात लावायचा नाही, त्यांच्या वतीने बोलायचंही नाही, ही रीत. डोनलने रीतीप्रमाणे फक्त आपल्या बेटाचं उत्तर दिलं होतं.

माझा बॉस फर्गल म्हणाला, "दोन्ही बेटांच्या सह्या आहेत ना? मग वुई आर ग्रँड, आपल्यावर काही येत नाही."

तरीही मी गेले. चर उघडून उपयोग नव्हता. सप्टेंबर लागला की तिथे टॉवेलही वाळत नाही, टर्फ कुठली.

डोनल मला बोटीने पलीकडे घेऊन गेला. ब्रीजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या. झोपताना निखाऱ्यांवर राख ओढायची आणि सकाळी त्यांवरच आग पेटवायची. लग्न होऊन आल्यापासून त्यांची चूल विझली नव्हती. नकाशावर 'बेवारस' लिहिल्याचं सांगून मी माफी मागितली, कंपनीतर्फे इलेक्ट्रिक हीटर देते म्हटलं. हीटरला त्या हो म्हणाल्या नाहीत.

"ढिगावर मी दगड ठेवले होते, पोरी," त्या म्हणाल्या. "बेवारस ढिगावर दगड कोण ठेवतं?"

दगड मी फोटोत पाहिले होते. मला तिथे उभं राहायची लाज वाटली.

डोनलने स्वतःच्या साठ्यातली दहा पोती पोहोचवली. ती नाताळपर्यंत पुरली. मग वादळांमुळे बोटी बंद झाल्या. जानेवारीत बोटी सुरू होताच भाच्याने ब्रीजींना मुख्य भूमीवरच्या नर्सिंग होममध्ये नेलं. त्या परतल्या नाहीत.

दलदल आता उत्तम आहे. शेवाळ धरलंय, पक्षी आलेत. आमच्या रिपोर्टमध्ये प्रोजेक्ट यशस्वी आहे. पुढच्या उन्हाळ्यात डोनलने मेंढ्या पलीकडे पाठवल्या नाहीत. कोणी मनाई केली नव्हती.

हल्ली फोटोत ढीग दिसला की मी आधी शेजारच्या बेटावर फोन करते. पाच मिनिटं लागतात. ब्रीजींच्या घरीही फोन होता.