एक जूनची माणसं

नव्वदीच्या दशकात मी ठाण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होते. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये खोट काढायची आणि वर त्यांचीच बोलणी खायची. तेव्हा आमच्याकडे एका कारखान्याचं मोठं काम आलेलं. त्यांच्या सगळ्या प्लांटमधल्या कामगारांची नोंद एकाच कॉम्प्युटरवर आणायची होती. एकच माणूस दोनदा आला तर ओळखायचा कसा? आमच्या सरांनी नियम केला, नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच. वडिलांचं नाव टाइप करण्यात वेळ जातो म्हणून गाळलं.

मी मीटिंगमध्ये म्हटलं, "सर, आमच्या कळव्याच्या चाळीत एक जूनला अर्ध्या चाळीचा वाढदिवस असतो." सगळे हसले. अहो, हसण्यासारखं काय होतं त्यात? गावाकडे पोराला शाळेत घालायला नेलं, की मास्तर अंदाजाने वर्ष धरायचे आणि तारीख ठोकून द्यायचे एक जून. त्यात आजोबांचं नाव दोन-दोन नातवांना ठेवलेलं. सरांची स्वतःची जन्मवेळ पत्रिकेत मिनिटासकट, त्यांना हे कुठून कळणार?

"टेस्टिंगमध्ये एक तरी केस फेल गेली का?" त्यांनी विचारलं. कशी जाईल? टेस्टिंगसाठी टाकलेले कामगार आम्हीच ऑफिसात बसून मनाने रचलेले, प्रत्येकाची तारीख वेगळी. शिवाय दसऱ्याच्या मुहूर्तावर सिस्टीम चालू करायची असं साहेब लोकांचं ठरलेलं. धोका किरकोळ ठरला आणि आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो.

आमच्या शेजारचे काका त्याच कारखान्यात लेथवर होते. कायमची नोकरी, घरात लग्नाची मुलगी. त्यांचा चुलतभाऊ दुसऱ्या प्लांटमध्ये होता, तो राजीनामा देऊन गावी गेलेला. दोघांचं नाव एक, आडनाव एक, तारीखही एकच, म्हणजे आमच्या नियमाने माणूसही एकच. दिवाळीनंतर काका कामावर गेले, तर गेटवरचा माणूस म्हणाला, तुम्ही नोकरी सोडलीय.

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या व्हर्जनमध्ये घेऊ." माझं डोकंच फिरलं. पुष्कळ भांडल्यावर नियम बदलला, नोंदी वेगळ्या झाल्या. पण तोवर काकांच्या लेथवर कंत्राटी माणूस उभा राहिलेला. कारखान्याला कायमची माणसं कमीच करायची होती, त्यांना आयतं निमित्त मिळालं. साहेब रोज उद्या या म्हणायचे आणि काका रोज डबा घेऊन जायचे.

एका संध्याकाळी ते आमच्या दारात आले. चिडलेले नव्हते, त्याचाच मला जास्त त्रास झाला.

"अगं, तुझ्या ऑफिसात एवढं सांगशील का?" ते म्हणाले. "मी जूनमध्ये जन्मलोच नाही. आई सांगायची, तेव्हा भातकापणी चाललेली."