मामींचं रसम

मामी घाबरल्या की रसम करायच्या. बोईसरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्यात कुटलेल्या मिरी-जिऱ्याचा वास आला, की बायका एकमेकींना विचारत, "आज काय झालं गं?" कारखान्यांच्या बाजूने बंब गेल्याचा आवाज आलेला असे, नाहीतर मामांना पाळीवरून यायला उशीर झालेला असे. मामा तारापूरच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होते. मामी मूळच्या कोइम्बतूरच्या. मराठी शिकल्या त्या जवळच्या पाम गावाहून दारावर येणाऱ्या भाजीवालीकडून, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं हाय-नायचं.

लग्न होऊन मी कराडहून आले, तेव्हा समोरचं दार त्यांचं होतं. माझा नवरा सुहासही तारापूरलाच, दुसऱ्या कंपनीत. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओट्यापाशी उभं केलं. टोमॅटो हातानेच कुस्करायचे, चिंचेचा कोळ पातळ ठेवायचा, डाळीचं फक्त वरचं पाणी घ्यायचं. "खळखळ उकळायचं नाय. फेस वर चढला की लगेच उतरव. आमटी ठेवून बाई गप्पा मारते, रसम ठेवून कुठं जाता येत नाय." मला ती फक्त रसमची रीत वाटली.

नवरात्राच्या आधीची ती दुपार. मी कपडे वाळत घालत होते, एवढ्यात धडाम् आवाज झाला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "धूर! धूर बघा!" सुहासला फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना. चपला घालून जिन्यात आले, तर मामी दारात उभ्या.

"कुठं?"

"गेटवर."

"गेटवर कोण आत सोडतो? मी गेली हाय पूर्वी. नुसतं उभं राहायला लागतं, आणि लोक काय काय बोलतात. ये आत."

त्यांनी माझ्या हातात टोमॅटो दिले. त्यांच्या स्वतःच्या हातातला बत्ता मिरीवर पडायच्या ऐवजी खलाच्या काठावर आपटत होता. मी कुस्करत होते, रडत होते, मध्येच फोन लावत होते. "फेसावर नजर ठेव," मामी म्हणत होत्या. "इथं बघ. धुराकडं नको."

तेवढ्यात मामांचा फोन आला. मामींनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या आणि फोन पालथा ठेवला. चेहऱ्यावर सुटकेची एक रेषसुद्धा नाही.

"मामा ठीक आहेत ना?"

"हां. तू मोहरी काढ."

"कुठल्या कंपनीत झालं, म्हणाले?"

"त्यांना माहीत नाय."

मामांना माहीत होतं. स्फोट सुहासच्याच कंपनीत झाला होता, आणि तसं त्यांनी सांगितलंही होतं. हे मला नंतर, मामांच्याच तोंडून कळलं. मामींनी मात्र तुपात मोहरी टाकली, कढीपत्ता टाकला, फोडणी दिली, आणि पहिलं पातेलं उतरवून लगेच दुसरं चढवलं. ते कोण पिणार, हे मी विचारलं नाही.

ऊन उतरता उतरता खाली रिक्षा थांबली. सुहास एका सहकाऱ्याचा खांदा धरून जिना चढला. हाताला बँडेज, शर्टाची बाही जळालेली, आणि कान बंद झालेले. आम्ही काय बोलतोय, ते त्याला ऐकूच येत नव्हतं. मामींनी त्याला खुर्चीत बसवलं, वाटी पुढे केली आणि ओठांशी हात नेऊन खूण केली : आधी पी. तो प्यायला. मग त्या न्हाणीघरात गेल्या आणि त्यांनी नळ पूर्ण सोडला. त्या पाण्याच्या आवाजातूनही त्यांचं रडणं मला ऐकू येत होतं.

मामा निवृत्त झाल्यावर दोघं कोइम्बतूरला परतली. स्टेशनवर मामी मला म्हणाल्या, "आता मी सुखात झोपणार." वर्षभरातच मामा गेले. कारखान्यात नव्हे, घरी, सकाळी पेपर वाचता वाचता.

तेव्हापासून सुहासची पाळी सुटायच्या वेळेला मामींचा फोन येतो. प्रकृतीची चौकशी नाही, हवापाण्याच्या गप्पा नाहीत. "आला काय?" नसला आला, तर त्या फोन ठेवत नाहीत. मग दोघी फोन धरून बसतो. त्यांच्या पंख्याची घरघर मला ऐकू येते.

सुहासला एका कानाने अजूनही कमीच ऐकू येतं. दार उघडून आत आला, की माझ्या हातातला फोन बघून तो बूट काढायच्या आधीच मोठ्याने ओरडतो, "मामी, आलो!"

तिकडून फोन कट होतो.