आटलेलं तळं

"साइटवर पाणी दिसलं का?" गॅरीने विचारलं.

"आत्ता नाही. ऑगस्ट आहे."

"मी आत्ताचंच विचारतोय, दिनकर."

गॅरी माझा बॉस. नव्वदच्या दशकात मी अमेरिकेतल्या नेपरव्हिल गावाजवळच्या एका लहान इंजिनिअरिंग फर्ममध्ये होतो. घरं बांधण्याआधी जमिनीची पाहणी करून साइट रिपोर्ट द्यायचा, हे माझं काम. या वेळची साइट म्हणजे ओकच्या रानाचा एक तुकडा. तिथलं तळं मी एप्रिलमध्ये पाहिलं होतं.

दाखवलं होतं नलूताई मेश्रामांनी. नागपूरच्या निवृत्त शिक्षिका, इथे मुलाकडे राहायच्या. रविवारी निसर्गप्रेमींच्या ग्रुपबरोबर रानात जायच्या आणि मलाही ओढून न्यायच्या. "चला दिनकरराव, त्या सोफ्याला जरा विश्रांती द्या!"

असली तळी बर्फ वितळला की भरतात आणि तिथल्या उन्हाळ्यात, ऑगस्टपर्यंत, आटतात. त्यांत मासे नसतात, म्हणून सॅलमँडर तिथे अंडी घालतात. हा प्राणी दिसतो पालीसारखा, पण बेडकाच्या जवळचा. त्या तळ्यावर निळ्या ठिपक्यांचा सॅलमँडर नलूताईंनाच पहिल्यांदा सापडला. अमेरिकेत त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

ग्रुपची एक रीत होती. दुर्मिळ प्राण्याची नोंद करायची, पण जागा लिहायची नाही. पकडून विकणारे येतात.

त्यामुळे सरकारी नोंदींत आमच्या साइटवर बांधकाम अडवणारं काहीच निघालं नाही.

"रेकॉर्ड क्लीन, जमीन कोरडी. मग अडचण काय?" गॅरी म्हणाला.

माझं ग्रीन कार्ड त्याच्या फर्मतर्फे व्हायचं होतं. 'पाणथळ जागा नाही' असं लिहून मी सही केली.

पुढच्या एप्रिलमध्ये ग्रुप तिथे गेला. तळ्यावर भराव होता आणि भरावावर रोलर फिरत होता. नलूताई गमबूट घालून कडेला उभ्या होत्या.

"माझंच चुकलं हो. जागा लिहिली असती, तर कुणीतरी थांबवलं असतं."

"तुम्ही रीत पाळलीत, नलूताई."

"जळो ती रीत."

रिपोर्टवरची सही माझी होती, हे मी सांगितलं नाही. परतताना गाडीत त्यांनी डब्यातली तिळाची वडी माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली.

त्या पुन्हा वॉकला आल्या नाहीत. नागपूरला परतल्या आणि काही वर्षांनी तिथेच वारल्या. दोष शेवटपर्यंत स्वतःकडेच ठेवून.

म्हणून ही नोंद आता दुरुस्त करतो. तळं होतं. मला माहीत होतं. चूक नलूताईंची नव्हती.

नव्या इंजिनिअरांना एवढंच सांगेन: ऑगस्टच्या पाहणीत पाणी सापडत नाही. म्हणूनच पाहणी ऑगस्टमध्ये ठेवतात.