फुईची जट

शुक्रवारी फुईच्या पाया पडायला बायका यायच्या, आणि फुई त्यांना आधी विहिरीवर पाणी ओढायला लावायची. डोक्यावर देवीची जट असलेल्या बाईला नाही कोण म्हणणार? चांगल्या घरची, बाजारगावाहून बैलगाडीनं आलेली बाई लुगड्याचा पदर खोचून मुकाट्यानं चार कळशा ओढायची आणि मग हळदकुंकवाचं ताट घेऊन पुढे व्हायची. तोवर फुईची आंघोळ आटोपलेली असायची. उन्हात बाजेवर पालथी पडून ती जट सुपात पसरून वाळवत असायची. "तथून लाव, आठे आजून वल्लं शे," एवढंच ती बोलायची. बाया तोच आशीर्वाद समजून घरी जायच्या.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात. वडील तिला अक्का म्हणत आणि सारं गाव जटाअक्का. धरणगावापासून तीन कोसांवर आमचं गाव, सगळी कपाशीची काळी जमीन. आमच्या घराला लागूनच तिची एक खोली होती, पुढे लिंबाचं झाड आणि दावणीला एक बैल. एका बैलानं शेती होत नाही, म्हणून शेजाऱ्याच्या बैलाशी सावड करून ती आपला तुकडा नांगरून घ्यायची. बांधावर उभी राहून गड्याला नांगराचा तास कसा धरायचा ते सांगायची, आणि गडी ऐकायचा. तिच्या डोक्याकडे बघून ऐकायचा, असं माझी आई म्हणायची.

जट सांभाळणं म्हणजे काय, हे पाया पडणाऱ्यांना काय ठाऊक! त्यांना वरचं कुंकू दिसायचं. रिठ्याच्या पाण्यात ती भिजवायची, ओल्या गोधडीसारखी पिळायची, मग दुपार कलेपर्यंत वाळवायची. आत ओल राहिली की चौथ्या दिवशी वास सुटायचा. पावसाळ्यात ऊन नाही, म्हणून कडुनिंबाच्या पाल्याचा धूर घ्यायचा आणि खोकून खोकून जीव जायचा. कुशीवर झोपायचं तर जटेला वेगळी उशी. तीस वर्षांत फुईची मान डावीकडे कलली ती कललीच. देवीचं ओझं पुण्याचं असतं, असं कुणीसं तिला एकदा समजावायला गेलं. फुई म्हणाली, "देवी वर बठेल शे, पन खाले मान मनी शे."

ही जट आली कशी ते सगळ्यांना पाठ होतं. फुई एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली, प्लेगात नवरा गेला. आमच्यात विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं, त्यात वावगं काही नाही. पण तिच्या चुलत्यानं परस्पर जामनेरकडचा एक साठीचा बिजवर ठरवला. त्याच्या सुना फुईपेक्षा मोठ्या होत्या. फुईला विचारलं कुणी? छे. पाटाच्या आठ दिवस आधी चुलती तिची वेणी घालायला बसली आणि किंचाळून उठली. डोक्यात जट! देवीनं पसंत केलेल्या बाईला हात लावील तो वर्षाच्या आत जातो, अशी समजूत. बिजवरानं नकार तर कळवलाच, वर नारळ आणि खण पाठवून माफीही मागितली. पुन्हा पाटाचं नाव कुणी काढलं नाही.

ही गोष्ट ऐकत मी मोठी झाले, आणि बारा वर्षांची असताना माझ्याच डोक्यावर ती येऊन बसली. मला मुदतीचा ताप आला. दीड महिना अंथरुणात. ताप उतरला तेव्हा मागच्या बाजूला केसांचा मुठीएवढा गुंता झाला होता. साधा आजाऱ्याचा गुंता! पण शेजारणीनं पाहिला, कुंकू आणलं, तांदूळ टाकले, आणि आईचा फणीवरचा हात थिजला. घरात एक जट असताना दुसरी येणं म्हणजे देवीचा घराण्यावर हक्कच, असं गाव म्हणू लागलं. चैत्रात यात्रेला नेऊन मला देवीला वाहायचं ठरलं. एकदा वाहिलं की लग्न नाही, शाळा नाही, परडी घेऊन दारोदार जोगवा. मी तेव्हा मराठी चौथीत होते, पाढ्यांत पहिली. मला शाळेत जायचं होतं. पण तापातून उठलेल्या पोरीचं कोण ऐकतं?

फुईनं ऐकलं. ती आली, माझ्या डोक्यावरचं कुंकू पदरानं पुसलं, गुंता बोटांनी चाचपला आणि म्हणाली, "तुले काय जोयजे ते सांग. देवीनं नको सांगू, तुनं सांग." मी शाळा म्हटलं. तिनं मान डोलावली. मग आई बाहेर गेल्यावर तिनं मला जे सांगितलं ते मी ती जिवंत असेपर्यंत कुणाला बोलले नाही. नवऱ्याच्या सुतकात तिनं केस विंचरले नव्हते, त्यामुळे थोडा गुंता आपोआप झाला होता. बाकीची जट तिनं स्वतः बाभळीचा डिंक आणि चुलीतली राख चोळून केली होती, महिनाभर, चुलीमागे बसून. "थोडी देवीनी, बाकीनी मनी," ती म्हणाली. तिला ती हवी होती. मला नको होती. फुईच्या लेखी एवढा फरक पुरेसा होता.

वडिलांचा मात्र धीर होईना. माझे वडील, नाना, वाईट नव्हते, भित्रे होते. जट कापली की घरातला माणूस जातो, ही भीती त्यांच्या हाडांत मुरलेली. फुईनं त्यांना गाठून ठणकावलं, की आधी माझी कापते. पाच शुक्रवार थांब. काही व्हायचं असेल तर मला होऊ दे. नाही झालं तर पोरीचे केस काढायचे आणि तिला परत शाळेत घालायची. नानांनी पाच शुक्रवार कबूल केले. आपली ढाल ही बाई का टाकते आहे, हे त्यांना कळत नव्हतं. तिच्या मनात भीती नव्हती असं मी म्हणणार नाही. थोडी देवीची हे तीच तर म्हणाली होती.

गावच्या न्हाव्यानं लांबूनच हात जोडले. फुई तिथून तडक शेतात बसलेल्या मेंढपाळाकडे गेली आणि लोकर कातरायची कातर मागून आणली. कुठली मेंढी म्हणून त्यानं विचारलं, तर म्हणाली, घरचीच आहे, म्हातारी झाली. शुक्रवारी भर दुपारी, बायका ताटं घेऊन जमल्या असताना, ती बाजेवर ताठ बसली. आईनं जट धरली, पण कातर हातात घेईना. फुईनं कातर स्वतःच मागे नेली आणि कचाकच चालवली. दोन बायका ताटं टाकून पळाल्या. जट मांडीवर पडली तशी फुईनं मानेवरून हात फिरवला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला. जट नदीत सोडायची रीत आहे. हिनं ती लिंबाच्या आळ्यात पुरली, केसाचं खत चांगलं म्हणून. त्या वर्षी आमची लिंबं गावात कुणी फुकट घेईना. आम्ही दोन बरण्या लोणचं घातलं.

पहिला शुक्रवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी फुईचा बैल मेला. सकाळी उठलाच नाही. झालं! गावाला तेवढंच हवं होतं. फुईची म्हातारी चुलती दारात येऊन रडली, देवीची क्षमा माग, पुन्हा जट धर म्हणाली. नानांनी तर यात्रेची गाडीच ठरवली. मी कोपऱ्यात बसून रडत होते. पाच शुक्रवार तर झाले नव्हते, आणि आता ते होणारही नव्हते, हे मला कळलं होतं.

बैल पुरून फुई थेट आमच्या घरी आली. हातापायांना माती तशीच. कातर कमरेला खोचलेली. नाना आडवे आले, अक्का, नको म्हणाले. ती त्यांच्यापुढे थांबली.

"बैल म्हातारा व्हता, नाना. मी जित्ती शे."

नाना बाजूला झाले. मला वाटतं, जन्मात पहिल्यांदा ते बहिणीच्या डोक्याकडे न बघता तोंडाकडे बघत होते. फुईनं मला पुढ्यात बसवलं आणि तीन घावांत गुंता उतरवला. डोकं पार विद्रूप झालं. सोमवारी मी पदर घेतल्यासारखी ओढणी बांधून शाळेत गेले. पोरी हसल्या. हसू देत.

याची किंमत तिनं भरली. शुक्रवारच्या बायका बंद झाल्या. ज्या बाया तिच्या पायांवर डोकं ठेवत त्याच पाणवठ्यावर तिला पाहून पदर सावरून बाजूला होऊ लागल्या. लग्नात अक्षता टाकायला तिला कुणी बोलवेना. गडी उलटं बोलू लागला. मला या गावाचा आजही राग येतो, आणि तो जावा अशी माझी इच्छा नाही. फुई मात्र मुळीच नमली नाही. गड्याला काढून तिनं दुसरा ठेवला, दुसऱ्या गावचा. मान तिची तशीच डावीकडे कललेली राहिली. पण कुशीवर झोपता येतं, हे ती दिसेल त्याला सांगायची.

फुई गेली तेव्हा सत्तरीला टेकली होती. मी धुळ्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते. निरोप मिळताच निघाले, पोचले तेव्हा बायका तिला आंघोळ घालत होत्या. एक म्हातारी दुसरीच्या कानात म्हणाली, जट कापली ना, देवी सोडते का. जट कापून एकोणीस वर्षं झाली होती. माझं डोकं तडकलं. मी म्हटलं, "देवीला घाई नव्हती, काकू. तुम्हीच उगाच एकोणीस वर्षं वाट बघत बसलात."

मग मी फणी मागितली. विधवेच्या मढ्याला फणी कशाला, म्हणून कुणी दिली नाही. मी माझी पिशवीतून काढली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि सगळ्यांच्या देखत ते पांढरे केस विंचरले, सावकाश, मधोमध भांग पाडून. फणी कुठेही अडली नाही.