कलरवर सिक्वेन्स

त्या वर्षी उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत पप्पा घरी होते. आम्हाला याची सवय नव्हती. मला कळायला लागल्यापासून ते सकाळी मोटरसायकल काढून लासूर स्टेशनला जायचे. तिथल्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांची भागीदारीत अडत होती, म्हणजे शेतकऱ्यांनी आणलेला मका नि कापूस लिलावात विकून द्यायचं काम. परत यायचे ते अंधार पडल्यावर. मग उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या बाजूला पॅरालिसिसचा हलका झटका आला. चालायला लवकर लागले, बोलायलाही लागले. फक्त मधेच एखादा शब्द शोधत थांबायचे आणि उजव्या हाताची बोटं दमायची. फिजिओथेरपीच्या मॅडमनी विचारलं, "काका, पत्ते खेळता का? मग रोज पत्ते पिसत जा. बोटांना तेवढा व्यायाम पुष्कळ आहे."

पत्ते खेळता का, हे आमच्या घरात विचारायची गरज नव्हती. दिवाळीत तीन पत्ती व्हायचीच. पण पोकर आणलं दादानं. तो चितेगावच्या एका कंपनीत लागला होता आणि कंपनीच्या बसमध्ये, मोबाईलवर, हे शिकला होता. पहिली शिफ्ट सुटून तो घरी आला, हातपाय धुतले, की हॉलमध्ये चटई पडायची. चटईवर पप्पा, दादा, मी, मम्मी आणि मागच्या गल्लीत राहणारी आत्या. आत्या पप्पांची थोरली बहीण. पप्पांना "अरे" म्हणणारी जगात तेवढीच उरली होती.

दादानं नियम सांगितले. प्रत्येकाला दोन पत्ते लपवून, मधे पाच उघडे, ते सगळ्यांचे. सातातले चांगले पाच धरायचे. मधले पाच एकदम उघडायचे नाहीत, आधी तीन, मग एक, मग शेवटचा, आणि प्रत्येक वेळी बोली.

"म्हणजे मधले पाच पंच झाले," आत्या म्हणाली. "पंच सगळ्या गावाचे. बरं, पुढं?"

तेव्हापासून आमच्याकडे त्यांना पंचच म्हणत. चिप्सच्या जागी चिंचोके. पत्ते वाटायच्या आधी दोघांना न बघता थोडे चिंचोके टाकावे लागतात, एकाला अर्धे, दुसऱ्याला पूर्ण. त्याला ब्लाइंड म्हणतात, हे दादानं सांगितलं आणि तिथं घोटाळा झाला. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे स्वतःचे पत्ते न बघता खेळणं. आत्यावर ब्लाइंड आली की ती तिचे दोन पत्ते पालथे ठेवून त्यांच्यावर चष्म्याची डबी ठेवायची आणि शेवटपर्यंत बघायची नाही.

"आत्या, बघायचे असतात गं!"

"ब्लाइंड लावलीय ना? मग? मी काय बेइमान हाय का?"

गंमत म्हणजे अशी ती कितीतरी डाव जिंकली. समोरच्याला तिचे पत्ते कळणार कसे, जर तिलाच माहीत नाहीत!

मम्मीची वेगळी तऱ्हा. ती कधी डाव सोडून पत्ते टाकायचीच नाही. हातात काही नसलं तरी चिंचोके पुढं सरकवत म्हणायची, "बघू तरी काय आहे तुझ्याकडं." दादा हूल द्यायला जायचा, हातात काही नसताना मोठी बोली लावायचा, आणि मम्मी बघू तरी म्हणून हसत हसत त्याला पकडायची. पोकरमधला पहिला धडा मी तिथं शिकले. ज्याला नुसती उत्सुकता आहे त्याला हूल द्यायची नसते. त्याच्याशी खेळताना पत्ते चांगले येईपर्यंत गप्प बसायचं.

गप्प बसणं मला जमत होतं. आत्या मला घुमी म्हणायची. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत, लग्नात मी कोपऱ्यातल्या खुर्चीत. पत्त्यांच्या चटईवर मात्र ही खोड कामाला आली. चांगले पत्ते आले तरी मी गप्प, वाईट आले तरी गप्प. माझ्या चेहऱ्यावरून कुणाला काही वाचता यायचं नाही. पप्पा म्हणायचे, "हिला लासूरला न्यायला पाहिजे लिलावाला. समोरचा घामाघूम होईल."

आणि मला हिशेब आवडायचा. समजा माझ्या हातात दोन बदाम आहेत आणि पंचांत पहिल्या तिनांत दोन बदाम उघडले. आणखी एक बदाम आला की पाच बदाम, कलर. डेकमध्ये तेरा बदाम, चार दिसले, नऊ उरले. दोन पत्ते यायचे असतील तर नवाला चारनं गुणायचं, एकच यायचा असेल तर दोननं. साधारण तेवढे टक्के, एखादा कमीच. हे मी एकदा मोठ्यानं म्हटलं, "थर्टी-फाईव्ह पर्सेंट," तेव्हा आत्यानं विचारलं, "मराठीत किती?" मी पस्तीस म्हणाले. इंग्रजी शाळेत गेल्यामुळं मला एकोणपन्नास नि एकोणसाठ अजून अडतात, पण पस्तीस येतं.

"शंभरात पस्तीस," पप्पा म्हणाले. "म्हणजे तीनदा खेळलं तर एकदा. एवढ्यासाठी किती टाकायचे, ते बघायचं." हे पोकरच्या पुस्तकांतही असतं, पण मी ते वाचायच्या आधी त्यांच्याकडून ऐकलं.

डाव रंगात आलेला असताना गल्लीत ओरडा व्हायचा, "नळ आले!" मग काही नाही. मम्मी आणि आत्या पत्ते उताणे टाकून पळायच्या, दादा मोटर लावायचा, मी बादल्या. आमच्याकडे पाणी कधी येईल त्याचा नेम नसायचा आणि आलेलं किती वेळ टिकेल त्याचाही. पप्पा एकटे चटईवर बसून डाव्या हातानं सगळ्यांचे पत्ते पालथे घालत राहायचे, कुणी कुणाचे बघू नयेत म्हणून. टाकी भरली की ओल्या हातांनी तोच डाव पुढं.

बहुतेक दिवस आम्ही कॅश गेम खेळायचो. म्हणजे चिंचोके संपले की वाटीतून मूठभर पुन्हा घ्यायचे आणि बसायचं. हवं तेव्हा उठायचं. पप्पांना हेच आवडायचं. दादाला टूर्नामेंट आवडायची. त्यात सगळ्यांना सारखेच चिंचोके मिळतात, वाटी आत ठेवून द्यायची, आणि ज्याचे संपले तो उठला. त्यामुळं दोन्हीकडं खेळायची रीत वेगळी. कॅशमध्ये फायद्याचा सौदा दिसला की घ्यायचा, आज हरलं तरी चालतं, पुष्कळ डावांत ते भरून निघतं. टूर्नामेंटमध्ये फायद्याचा सौदाही कधी सोडावा लागतो, कारण एकदा संपलं की संपलं.

गणपती झाले आणि लासूरहून भागीदाराचा फोन आला. मका सुरू होईल, मागून कापूस. दसऱ्यापासून येणार का, नाहीतर दुसरा माणूस बघतो. पप्पा लगेच येतो म्हणाले. दादा त्या दिवशी स्वयंपाकघरात मम्मीला हळू आवाजात म्हणाला, "परवा त्यांना दुधाला पाठवलं तर ते ताक घेऊन आले. लिलावात एक आकडा चुकला तर? मी आज टूर्नामेंट लावतो. बघू डोकं किती चालतंय."

मम्मीनं गॅस बारीक केला. मी तिथंच कोथिंबीर निवडत होते. पप्पा बाहेर चटई सारखी करत होते.

त्या दिवशी मम्मी लवकर संपली, बघू तरी करत. मग मी. आत्याकडे थोडेसे उरले होते. पप्पा आणि दादा जवळपास बरोबरीत. मी पप्पांच्या मागं बसले होते, त्यामुळं मला त्यांचे पत्ते दिसत होते. इस्पिकची नव्वी आणि दश्शी.

पंचांतले पहिले तीन उघडले. बदामची सत्ती, किलवरची अठ्ठी, बदामची दुर्री. सात, आठ, नऊ, दहा. छग्गी किंवा गुलाम आला की पप्पांचा सिक्वेन्स. चौथा पत्ता चौकटचा गुलाम. त्या क्षणाला त्या चटईवर पप्पांपेक्षा मोठा हात कुणाचाच असू शकत नव्हता. मी श्वासही नेहमीसारखाच घेतला. आत्यानं पत्ते टाकले. पप्पांनी मधे जेवढे चिंचोके होते तेवढेच आणखी मोजून सरकवले. सावकाश, थकलेल्या बोटांनी, पण अगदी बरोबर तेवढेच. दादा बराच वेळ पंचांकडे बघत राहिला आणि त्यानं तेवढेच टाकले.

पाचवा पत्ता बदामची पंजी.

आता पंचांत तीन बदाम होते. पप्पांनी तिकडं बघितलं की नाही मला माहीत नाही. त्यांनी उरलेले सगळे चिंचोके दोन्ही हातांनी पुढं ढकलले. दादानं लगेच त्याचेही ढकलले आणि पत्ते उताणे केले, बदामचा एक्का आणि चौव्वी. कलर.

पप्पा हसले. आजारी पडल्यापासून त्यांना इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी नव्वी-दश्शी खाली ठेवली आणि सगळा ढीग स्वतःकडे ओढायला लागले. "कलरवर सिक्वेन्स! आण इकडं."

"पप्पा," दादा म्हणाला, "इथं कलर मोठा असतो. किती वेळा सांगितलं."

पप्पांचे हात ढिगावरच थांबले. ते शब्द शोधत होते, आणि मग म्हणाले, "व्हय रे. विसरलो."

"अरे पण तीन पत्तीत सिक्वेन्सच मोठा," आत्या म्हणाली. "आपल्या घरात कायम तसंच चालत आलंय. मीबी तेच समजले होते."

दादानं तिच्याकडे बघितलंच नाही. तो मम्मीला म्हणाला, "ऐकलंस ना? स्वतःच म्हणाले, विसरलो. भागीदाराला कळवून टाकू, यंदा नाही."

पप्पा तिथंच बसले होते. त्यांच्यासमोर, त्यांच्याबद्दल, ते तिथं नसल्यासारखं. त्यांनी ढिगावरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"दादा, तू चौथ्या पत्त्याला आत का राहिलास?" मी विचारलं.

सगळे माझ्याकडे वळले. आत्या म्हणाली, "घुमी बोलली गं माय."

"कलर येणार होता म्हणून."

"पाचात एकदा येणार होता. आणि तुला जेवढे टाकावे लागले, त्यासाठी तीनात एकदा तरी यायला पाहिजे होता. पप्पांनी बरोबर तेवढीच बोली लावली होती की तू राहिलास तर तुझं नुकसान. तू चुकलास आणि तुला बदाम आला. पप्पा बरोबर होते आणि तरी हरले."

"आणि शेवटी सगळे ढकलले ते?"

"ते चुकले," मी म्हणाले. "पण ती चूक आत्याही करते."

"रोज करते," आत्या म्हणाली.

दादा म्हणाला, "मोंढ्यात आत्यासोबत खेळायचं नाहीये. तिथं एक चूक झाली की..."

"की काय? उठून जावं लागतं? दादा, अडत म्हणजे टूर्नामेंट नाही. एका पोत्यात गेलं तर दुसऱ्यात निघतं. भागीदार शेजारी असतो. तो कॅश गेम आहे."

दादा ढिगातले चिंचोके ओढायला लागला. मला वाटलं झालं. पण ते अर्धेच सोडून तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "ठीक. आणि मोटरसायकल? लासूरच्या रस्त्यावर ट्रक असतात. तिथं विसरले, हात दमला, तर? तिथं वाटीतून पुन्हा घ्यायचं असतं का काही?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. तोवर मला वाटत होतं की त्याला पप्पांचं डोकं तपासायचंय. त्याला रस्त्याची भीती वाटत होती.

"मोटरसायकल नाही," मी म्हणाले. "रेल्वेनं."

"रेल्वेनं जाईन मी," पप्पा म्हणाले. "चावी तुझ्याकडं ठेव." शब्द न शोधता म्हणाले. मम्मी उठून आत गेली. तिनं कुणालाही कळू न देता डोळे पुसले असणार, कारण चहा फार उशिरा आला.

दसऱ्यानंतर पप्पा जायला लागले. सकाळी कंपनीची बस पकडण्याआधी दादा त्यांना स्टेशनवर सोडायचा, संध्याकाळी मी रिक्षानं आणायला जायचे. सुरुवातीला आठवड्यात दोन-तीन दिवस, मग मका वाढला तसे रोज. पहिल्या महिन्यात त्यांनी एकदा भाव चुकीचा पुकारला. भागीदारानं मधेच सुधारला आणि दोघं हसले, असं त्यांनी स्वतःच येऊन सांगितलं.

मी आता पुण्यात असते. कधी कधी फोनवर पोकर खेळते, खोट्या पैशांचं. अनोळखी माणसं फार झटपट आणि फार चांगलं खेळतात. कुणी बघू तरी म्हणत नाही. मी जिंकते, हरते, आणि थोड्या वेळानं फोन ठेवून देते. तेव्हा आठवतात ते आमचे ओले हात, आत्याची चष्म्याची डबी, आणि ती चटई, जिच्यावर मला बोलता आलं. त्या दुपारी पप्पांच्या बाजूनं बोलताना मला माहीत होतं की ते लासूरला गेले की ही चटई गुंडाळली जाणार. बाकी कुणाच्या ते लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे.

त्यांनी कामाला सुरुवात केल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही चटई घातली होती. आत्या आली, मम्मीनं चिंचोके वाटले. पप्पांनी पत्ते हातात घेतले, एकदा पिसले आणि भिंतीला टेकले. पत्ते मांडीवर तसेच आणि ते झोपलेले, तोंड थोडं उघडं, शर्टाच्या खिशात आदल्या दिवशीचं रेल्वेचं तिकीट. आत्या काही बोलणार होती. दादानं तिला हातानं थांबवलं, पंखा एकनं कमी केला आणि त्यांच्या मांडीवरचे पत्ते एकेक करून काढून घेतले.